फोम बोर्डवाले हनीफ सर

हनीफ सरांना राग येत नाही, असं आमच्या शाळेत कुणीही शपथेवर सांगितलं असतं. बारा वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नाही. पोरांवर हात उगारला नाही, शिपायाला अरे म्हटलं नाही, मीटिंगमध्ये कधी कुणाला तोडून बोलले नाहीत. पण एकदा कुणी त्यांचं वाकडं केलं की तो माणूस त्यांच्या डोक्यात कायमचा मुक्कामाला जायचा. मग हनीफ सर घाई करत नसत. दोन वर्षं लागोत, दहा लागोत.

मी एकदा विचारलं होतं, "सर, एवढं सगळं लक्षात ठेवून झोप कशी लागते हो तुम्हाला?"

"लय मस्त लागते मॅडम," ते म्हणाले. "ज्यायनं केलं, त्यायले नाही लागली पाह्यजे."

खामगावच्या आमच्या हायस्कूलमध्ये ते चित्रकला आणि कार्यानुभव शिकवायचे, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या आणि डबा आम्ही एकत्र खायचो. माझी ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा त्यांना फार आवडायचा. ते मूळचे डोणगावचे. वडील मोहरममध्ये ताजिये बांधायचे, त्यामुळे कागद, खळ आणि बांबूची कामटी यांच्यातच हे वाढलेले. अंगानं सडपातळ, पांढरा हाफ शर्ट, खिशात काडेपेटी. काडेपेटीत काड्या नसायच्या, ब्लेडचे तुकडे असायचे. डाव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं आणि उजव्याचं मुळापर्यंत कापलेलं. नवीन आलेल्या माणसाला ते विचित्र वाटायचं. त्याचं कारण विमानं होती.

हनीफ सर फोम बोर्डची विमानं बनवायचे. खरीखुरी उडणारी, लहान मोटर आणि रिमोटवर चालणारी. खऱ्या विमानात ते कधी बसले नव्हते आणि बसायची हौसही नव्हती. "थे दुसऱ्यानं बनवेल हाय, आपल्याले काय माहीत त्यानं कोनता बोर्ड वापरला," असं म्हणायचे.

बोर्ड निवडायला ते बसले की मुलगी पाहायला आलेल्या घरच्या मोठ्या काकूसारखे बसत. आधी बोर्ड डोळ्यासमोर आडवा धरून, एक डोळा मिटून, कडेवरून नजर टाकायची. जरा जरी पोक असेल तर बाजूला. मग दोन्ही हातांनी लांबीत थोडा वाकवायचा, रुंदीत थोडा वाकवायचा. एका बाजूनं तो सहज वाकतो, दुसऱ्या बाजूनं हट्ट करतो. पंख कुठल्या दिशेनं कापायचा ते तिथंच ठरायचं. मग ते वाढवलेलं नख कडेच्या फोममध्ये हलकेच दाबायचं.

"पाह्यलं का मॅडम, हा दबला आन् उठला. आन् हा पाहा, दबला तो दबलाच. असा घरात नाही घ्यायचा."

शेवटची परीक्षा जिभेची. बोर्डाचा कोपरा ते जिभेनं ओला करायचे, थोडा वेळ गप्प बसायचे आणि कापलेल्या नखाच्या अंगठ्यानं वरचा कागद चोळायचे. कागद गुंडाळ्या होऊन निघाला तर बोर्ड पास. काही बोर्डांचा कागद पाण्याला दादच देत नाही, तो कामाचा नसतो. दुकानात गिऱ्हाईक माल चाटून पाहतंय म्हटल्यावर दुकानदार चिडायचे. हनीफ सरांना त्याचं काही वाटायचं नाही.

तयारीही तशीच निगुतीची. फोम बोर्डला दोन्ही बाजूंनी कागद असतो, मध्ये हलका फोम. पंखाला गोलाई द्यायची तर आतल्या बाजूचा कागद काढावा लागतो, बाहेरचा ठेवावा लागतो. तो काढला नाही तर बोर्ड वाकताना कडकन मोडतो, आणि दोन्ही काढले तर त्यात जीव राहत नाही. मधल्या सुट्टीत ते ओल्या स्पंजनं आतला कागद भिजवायचे, डबा खाऊन होईपर्यंत वाट पाहायचे आणि मग उकडलेल्या बटाट्याची साल काढावी तसा कागद अलगद सोलायचे. नंतर बोर्ड सावलीत, सपाट, वजनाखाली. उन्हात ठेवला तर खामगावच्या उन्हात त्याची नाव होते. वजन म्हणून माझे मराठी शब्दकोश वापरायचे. "एवढा जाडा शब्दकोश कुनाच्या तरी कामी आला पाह्यजे ना," असं मला ऐकवायचे.

आता त्यांच्या सूडांकडे येते, कारण मला त्यांच्याबद्दल लिहायचंय ते त्यासाठीच.

पहिला सूड दुकानदारावर. सुरुवातीच्या दिवसांत एका दुकानदारानं त्यांना फोम बोर्ड म्हणून सनबोर्ड गळ्यात मारला होता. सनबोर्ड म्हणजे दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो, प्लास्टिकचा. दिसायला तसाच पांढरा, उलट जास्त गुळगुळीत. पण वजनाला जड, आणि कागद नावालाही नाही. हनीफ सरांनी त्यातून विमान केलं. ते पोरांसमोर उडालं आणि दगडासारखं खाली आलं. दुकानदार म्हणाला, "एकदा विकलेला माल परत नाही." हनीफ सर "हाव, बरोबर हाय" म्हणून निघून आले. त्यानंतर दर दिवाळीच्या सुट्टीत, ऐन गर्दीच्या दिवशी ते त्या दुकानात जात. माळ्यावरचे सगळे बोर्ड उतरवायला लावत. एकेक बोर्ड डोळा मिटून पाहत, वाकवत, नख दाबत. तासभर लागायचा. मग हात झटकून म्हणायचे, "नाही जमत." आणि निघून यायचे. हे अकरा वर्षं चाललं. शेवटी दुकानदारानं फोम बोर्ड ठेवणंच बंद केलं, तर हे मेणकागद पाहायला जाऊ लागले.

दुसरा आमच्या क्लार्कवर. त्यानं एकदा वाळत ठेवलेल्या पंखावर चहाचा गरम कप ठेवला. फोमवर गोल खड्डा पडला.  तेवढाच गोल तुकडा हनीफ सरांनी कापून काढला, त्यावर क्लार्कचं हुबेहूब चित्र काढलं, मिशांसकट, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याच्या टेबलावर ठेवला. क्लार्कनं हसून कप त्यावर ठेवला. तिसऱ्या दिवशीही तुकडा हजर. महिनाभर रोज. क्लार्कनं तो फेकला की दुसरा यायचा, चित्रात मिशा थोड्या कमी व्हायच्या. शेवटी त्या क्लार्कनं स्टाफरूममध्ये चहा प्यायचंच सोडलं. सगळी शाळा हसली. मी सगळ्यात जास्त हसले. तेव्हा मला वाटायचं, हे माझ्यापर्यंत कधी यायचं नाही.

मग खोडके सरांचं प्रकरण झालं.

खोडके सर तेव्हा विज्ञान शिकवायचे. गोड बोलणारा माणूस. हनीफ सरांनी त्या वर्षी पाच फूट पंखांचं विमान केलं होतं. डिसेंबरातल्या एका सकाळी ते शाळेच्या मैदानावरून उठलं, कापसाच्या जिनिंगच्या पत्र्यांवरून वळलं आणि दोन चकरा मारून हनीफ सरांच्या पायाशी येऊन थांबलं. पोरं रडायच्या बेतात आली होती आनंदानं. खोडके सर म्हणाले, "हनीफभाई, हे विज्ञान प्रदर्शनाला पाठवू. मार्गदर्शक म्हणून विज्ञान शिक्षकाचंच नाव लागतं, नियमच आहे, पण तुमचंही टाकू."

अहवाल मी लिहिला. हे मला सरळ सांगून टाकायचंय. खोडके सर वेळापत्रक बनवायचे आणि मला सकाळचा पहिला तास नको होता. घरी सासूबाईंचं पथ्यपाणी करून पहिल्या तासाला पोचताना माझी दमछाक व्हायची. ते म्हणाले, "मॅडम, अहवाल जरा तुमच्या भाषेत लिहून द्या, पहिल्या तासाचं मी पाहतो." मी लिहिलं. बोर्ड कसा निवडायचा, कागद कसा सोलायचा, सगळं मला शेजारच्या खुर्चीवरून पाहून पाठ होतं. "संकल्पना व निर्मिती" समोर मी खोडके सरांचं नाव घातलं. खाली, शेवटच्या ओळीत, "साहित्य साहाय्य: श्री. हनीफ शेख." मला वाटलं, नाव तर आलं ना.

विमानाला बक्षीस मिळालं, मग वरचं बक्षीस मिळालं, खोडके सरांना आदर्श शिक्षक म्हणून गौरवलं, आणि दीड वर्षात ते मुख्याध्यापक झाले. विमान त्यांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात गेलं. माझा अहवाल सूचनाफलकावर लागला तेव्हा हनीफ सर चष्मा वर करून तो अखेरपर्यंत वाचत उभे होते. वळले, मला पाहिलं आणि म्हणाले, "मराठी चांगलं हाय, मॅडम."

मी म्हटलं, "सर, तक्रार करा ना. मी सही देते."

"तक्रार कायले? त्याच्याच तोंडानं बोलवून घेतो. चार लोकायच्या समोर, माईकवर. इमान हनीफनं केलं, एवढंच. बाकी मले काही नको."

त्यानंतर त्यांनी एकही विमान बनवलं नाही. आणि माझ्या डब्याला हात लावला नाही. "पोट बरोबर नाही, मॅडम." ते पोट पुढे चार वर्षं बरोबर नव्हतं. मी रोज भाकर पुढे सरकवायची, ते रोज तेच सांगायचे, आणि मी ते रोज खरं धरायची. सोयीचं होतं ते.

हनीफ सरांच्या निवृत्तीला महिना राहिला होता, तेव्हा धामणगाव बढ्याला शिक्षकांची कार्यशाळा ठरली. विषय, फोम बोर्डपासून विमान. मार्गदर्शक अर्थातच खोडके सर. त्यांनी हनीफ सरांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "दहा-बारा बोर्ड घेऊन या. साहित्याचं तुम्हीच पाहा." मला सांगितलं, "मॅडम, तुम्ही अहवालाला चला."

हनीफ सर "हाव सर" म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला भीती वाटली. इतका प्रसन्न चेहरा मी त्यांचा विमान उडालं त्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता.

तिथल्या शाळेच्या सभागृहात चाळीसेक शिक्षक होते. खोडके सरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. वाक्यं माझीच होती, मला एकेक ओळखू येत होतं. मग काचेच्या कपाटातलं विमान सगळ्यांना दाखवलं. "आता ते नाजूक झालंय, उडवता येणार नाही," म्हणाले. टाळ्या झाल्या. हनीफ सर दुसऱ्या रांगेत इतर शिक्षकांसारखे वही घेऊन बसले होते. टाळ्या थांबल्यावर उभे राहिले.

"सर, एक विचारू का? आमाले पोरायसाठी बोर्ड आनायचे हाय. इथं दहा ठेवले हाय. यातला कोनता घ्यावा, थे तुमच्या हातानं दाखवून द्या."

खोडके सर टेबलाशी आले. दहा बोर्ड ओळीनं मांडलेले. नऊ फोम बोर्ड, आणि मधोमध एक सनबोर्ड, चकचकीत. मी तो पाहिला. हनीफ सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या कुणालाही तो दुरून ओळखू आला असता. खोडके सरांनी एकही बोर्ड डोळ्यासमोर धरला नाही. वाकवला नाही. सगळ्यांवरून हात फिरवला आणि सनबोर्ड उचलला.

"हा पाहा. किती गुळगुळीत, किती मजबूत! असाच घ्यायचा. ओला झाला तरी खराब होत नाही."

चाळीस लोकांनी वहीत लिहून घेतलं.

"आन् सर," हनीफ सर पुन्हा उठले, "तुमी पडद्यावर दाखवलं, आतला कागद पाण्यानं काढून घ्यायचा. तेवढं करून दाखवता का? आमच्यासारख्याले पाह्यल्याशिवाय समजत नाही."

त्यांनी स्वतः पाण्याची वाटी आणि स्पंज नेऊन दिला. खोडके सरांनी बोर्ड भिजवला. थांबले. अंगठ्यानं चोळलं. काही निघालं नाही. परत भिजवला.

"पानी थोडं जास्त घ्या सर," हनीफ सर अदबीनं म्हणाले.

परत चोळलं. कोपरा नखानं उकरून पाहिला. प्लास्टिकला कागद येणार कुठून? पाच मिनिटं गेली. लोकांनी मोबाइल बाहेर काढले. खोडके सरांच्या शर्टाला पाठीवर घाम फुटला, बाहीवरून पाणी ओघळायला लागलं. समोर बसलेली एक शिक्षिका उभी राहून म्हणाली, "सर, हा सनबोर्ड हाय ना? माह्या भावाच्या दुकानाच्या पाटीले हाच लावेल हाय." सभागृह फुटलं.

"हसू नका बे," हनीफ सर मागे वळून म्हणाले. "सर शिकवून राह्यले ना."

मला हे लिहिताना आजसुद्धा गोड वाटतं. त्या माणसानं चार वर्षं दुसऱ्याच्या कामावर हार घालून घेतले होते, आणि आता ओल्या अंगठ्यानं प्लास्टिक सोलत उभा होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, चोळ, आणखी चोळ.

खोडके सरांनी शेवटी हसू आणलं. "हनीफ सर, तुम्हीच या ना वर."

"मी कसा येऊ सर? मी तर फक्त सामान आनतो. अहवालात लिहेल हाय."

खोडके सर टेबलावरून पुढे वाकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, तुम्हीच बनवलंय ते विमान. या आता, हात जोडतो."

"मांगच्या लोकायले ऐकू नाही आलं, सर," हनीफ सर म्हणाले. "माईकवर सांगा."

  खोडके सरांनी माईक हातात घेतला, तो ओल्या हातातून निसटला, परत उचलला. "हे विमान," ते म्हणाले, "हनीफ शेख सरांनी बनवलं होतं. मी नाही."

हनीफ सर वर गेले. पुढचे दोन तास त्यांनी असं शिकवलं की मला लहानपणी त्यांच्या वर्गात बसायला मिळालं नाही याचं वाईट वाटलं. नऊ बोर्डांतून चार निवडले, प्रत्येकाला नख दाबायला लावलं, कोपरे चाटायला लावले. चाळीस शिक्षक कोपरे चाटत होते. आणि सगळा वेळ पाण्याची वाटी खोडके सरांच्या हातात होती. "जरा सरळ धरा सर, सांडून राह्यलं." खोडके सर सरळ धरत होते.

चार वाजता संपलं. खोडके सर कुणाच्या तरी गाडीतून आधीच निघून गेले. मी आणि हनीफ सर खामगावच्या एसटीसाठी स्टँडवर थांबलो. उरलेले बोर्ड त्यांनी चादरीत गुंडाळून उभे धरले होते. मला फार हलकं वाटत होतं. मला वाटलं, आता सगळं संपलं, तिघांनाही मोकळं वाटेल, मलासुद्धा.

"झालं ना सर मनासारखं?" मी म्हटलं. "आता तरी राग सोडा."

"त्याले सोडलं मी आज," ते म्हणाले. "खरंच सोडलं. आता त्याच्यावर काही नाही."

"आणि मी?"

मी हसतच विचारलं होतं. ते हसले नाहीत. बोर्डांची चादर एका बाजूनं सुटली होती, ती त्यांनी नीट खोवली.

"तुमाले काऊन सोडू, मॅडम? तो तर चोरच होता. चोरानं चोरी केली. तुमच्या हातची भाकर मी आठ वर्षं खाल्ली."

मी काहीतरी बोलायला लागले. सासूबाई, पहिला तास, मला कल्पना नव्हती, असं काहीबाही. त्यांनी ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, "हाव, बरोबर हाय," आणि तेवढ्यात एसटी आली.

गाडी जवळजवळ भरलेली होती. ते पुढे चढले आणि दोघांच्या एका रिकाम्या सीटवर खिडकीकडे बसले. मी गर्दीतून तिथं पोचले तेव्हा शेजारच्या जागेवर बोर्ड उभे ठेवलेले होते.

"सर, बोर्ड वर ठेवू का? मला बसू द्या."

"हे सीट भरेल हाय, मॅडम."

कंडक्टर आला. "ओ मास्तर, सामानाले सीट नाही. बाईले बसू द्या."

हनीफ सरांनी खिशातून दोन पूर्ण तिकिटांचे पैसे काढले. "एक माह्यं, एक याचं. खामगाव." कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोन तिकिटं फाडून दिली. मग माझं अर्धं तिकीट दिलं. आम्हा बायकांना आता अर्धंच लागतं.

मी दांडीला धरून उभी राहिले. गाडी उसळली की बोर्ड पुढे झुकायचे आणि हनीफ सर डावा हात आडवा घालून त्यांना सांभाळायचे. नांदुऱ्याला बरीच माणसं उतरली, मागच्या बाजूला जागा झाली. मी बसले नाही. खामगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते, आणि एकदाही त्यांनी मान वळवली नाही.